राखण

मिऱ्या–नागपूर राष्ट्रीय महामार्गाचं नाव राज्यभरातल्या फलकांवर वाचायला मिळतं. हा रस्ता ज्या मिऱ्यापासून निघतो, तो रत्नागिरी शहराला लागून असलेला किनारा मात्र कित्येक वर्षं समुद्राला थोडी थोडी जमीन देत आला आहे. एका अंगाला रत्नदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला मिऱ्याचा डोंगर आणि मधे मुरुगवाडा, पंधरामाड, अलावा, जाकिमिऱ्या अशी वस्ती. वस्तीपुढे माडांची रांग आणि माडांपुढे दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा. पावसाळ्यातल्या उधाणाला या बंधाऱ्याला कुठे ना कुठे भगदाड पडतं. खारं पाणी वाडीत शिरतं, विहीर खारट होते, माड मुळापासून उपटला जातो. मग लोकप्रतिनिधी पाहणीला येतात, तातडीच्या दुरुस्तीसाठी निधी मागितला जातो, काही डंपर दगड येऊन पडतात आणि पुढच्या आषाढापर्यंत विषय मिटतो. हे चक्र इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही चुकतं आहे, असं कुणाला वाटेनासं झालं आहे. चूक मात्र मोठी आहे आणि तिचं मूळ समुद्रात नाही, पैसे देण्याच्या रीतीत आहे. बांध बांधायला आपल्याकडे पैसा मिळतो, फुटला की बुजवायलाही मिळतो. तो राखायला मिळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गेल्या काही वर्षांच्या आपत्ती शेजारी शेजारी मांडल्या, तर प्रत्येकीच्या मुळाशी हीच उणीव सापडते.

आधी कालगणनेचा प्रश्न पाहू. सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. समुद्राचं वर्ष वेगळं आहे. मृग लागला की समुद्र खवळतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात जातात. किनाऱ्यावर बांधकाम करता येईल असा काळ दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. म्हणजे हाताशी आठ महिनेही नीट मिळत नाहीत. भगदाड पडतं जुलै-ऑगस्टमध्ये, त्याचं अंदाजपत्रक तयार होतं हिवाळ्यात, मंजुरी येते मार्चअखेरच्या घाईत आणि निविदा निघून ठेकेदाराचा पहिला डंपर किनाऱ्यावर येईपर्यंत वैशाख संपत आलेला असतो. मग पायाचा थर नीट न बसवता, लहान-मोठा दगड न निवडता, उरलेल्या दिवसांत जेवढं टाकता येईल तेवढं टाकलं जातं. अशा कामाला आपण ‘तातडीची दुरुस्ती’ म्हणतो, पण तिथे खरी तातडी कधीच नसते. वर्षभर हाताशी असलेला वेळ कागदावर घालवून झाल्यावर जे उरतं, त्यालाच तातडी हे नाव मिळतं.

घाईचं काम का टिकत नाही, हे समजायला दगडी बंधारा कसा उभा असतो ते पाहावं लागेल. दुरून तो नुसता दगडांचा ढीग दिसतो, पण चांगल्या बंधाऱ्याला थर असतात. तळाशी वाळू धरून ठेवणारा गाळणीचा थर, त्यावर मध्यम दगड आणि बाहेरून लाटेचा मार खाणाऱ्या मोठ्या शिळा. गाळणीचा थर नसेल तर प्रत्येक लाट मागे जाताना दगडांच्या फटींतून वाळू ओढून नेते आणि वरचा दगड खाली बसत जातो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी लाट आपटून परत फिरते तेव्हा तिथली वाळू खरवडली जाते. पायथा उघडा पडला की वरची शिळा घसरते. एक शिळा जागची हलली की शेजारच्या दोघींचा आधार जातो. आणखी एक गणित लक्षात ठेवायला हवं. लाटेची उंची वाढते तसं तिला तोंड देणाऱ्या दगडाचं लागणारं वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. लाट सव्वापट उंच झाली तर दगड सव्वापट नव्हे, जवळपास दुप्पट वजनाचा लागतो. म्हणून भगदाडात टाकलेला हलका दगड हा मधल्या मधे खर्ची पडलेला पैसा असतो; पहिल्या मोठ्या उधाणात तो निघून जातो. उलट, सरकलेली एक शिळा वेळीच जागेवर बसवली, तर तिच्या मागची वीस हात लांबीची भिंत वाचते. बंधारा एका रात्रीत फुटल्यासारखा दिसतो, पण फुटण्याची तयारी तो तीन-चार पावसाळे करत असतो. ती तयारी पाहणारं कुणी असेल तर ती मोडता येते.

समुद्राचा जोरही वाढतो आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या फयान वादळाने या जिल्ह्यातल्या मच्छीमारांची मोठी हानी केली. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आदळलं. त्या दिवशी नांगर टाकून उभं असलेलं ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. जहाजावरच्या १३ जणांना सुखरूप उतरवण्यात आलं, पण जहाज पुढे वर्षानुवर्षं तिथेच रुतून राहिलं आणि लाटांबरोबर बंधाऱ्याला धक्के देत राहिलं. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून वर सरकलं. त्यानंतर मिऱ्यासाठी शिळा आणि टेट्रापॉड या चौपायी काँक्रीट ठोकळ्यांचा तीन किलोमीटरांहून लांब असा नवा बंधारा हाती घेण्यात आला. दीडशे कोटींच्या आसपासचं हे काम आहे. इतका पैसा या किनाऱ्याला मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण या बंधाऱ्याचा ठेकेदाराकडचा दोषदायित्वाचा काळ संपल्यावर त्याच्याकडे दर वर्षी कोण पाहणार, कोणत्या लेखाशीर्षातून पैसे येणार आणि किती, हे प्रश्न बांधकामाइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यांचं उत्तर आज लिहून ठेवलं नाही, तर वीस वर्षांनी याच जागी आणखी मोठी रक्कम मागावी लागेल.

बंधारा समुद्राचा असो, नदीचा असो किंवा धरणाचा, राखणीचा नियम सगळीकडे एकच. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. हे मातीचं लहान धरण होतं आणि त्याला गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. दुर्घटनेनंतर त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी बांध पोखरल्याचं कारण पुढे केलं आणि त्यावर राज्यभर संताप उसळला. संताप योग्यच होता, पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. खेकडा मातीचा बांध पोखरतो, हे खरंच आहे. कोकणातल्या खारजमिनीच्या शेतकऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि म्हणूनच तो बांधावरून फिरतो, बीळ दिसलं की चिखलाने बुजवतो. खेकडा हे फुटण्याचं कारण म्हणून सांगायचं असेल, तर बीळ बुजवायला माणूस नेमला नव्हता हे त्याच वाक्यात सांगावं लागतं. तिवऱ्याची गळती वेळेवर रोखायला जे लागलं असतं, ते पुनर्वसनाच्या, मदतीच्या आणि चौकशीच्या खर्चापुढे किरकोळ ठरलं असतं. गेलेली माणसं तर कोणत्याच हिशेबात परत येत नाहीत.

दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. २६ जुलै २००५च्या पुराचा अनुभव शहराला होता. वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पात्र गाळाने भरत आहे, कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणी याच नदीत येतं, दाभोळच्या खाडीची भरती आणि डोंगरातला पाऊस एका वेळी आले की पाण्याला जायला वाट उरत नाही, हे सगळं तेव्हाही माहीत होतं. तरी गाळ मोठ्या प्रमाणावर निघाला तो दुसरा महापूर येऊन गेल्यावर आणि शहरातले नागरिक डिसेंबर २०२१ मध्ये उपोषणाला बसल्यावर. त्यानंतर सरकारी यंत्रणा आणि नाम फाउंडेशन यांनी मिळून काम केलं आणि नागरिकांचा रेटा फळाला आला. पण गाळ एकदा काढून संपत नाही. सह्याद्रीवरून तो दर पावसाळ्यात उतरतो. नदीची राखण उपोषणाच्या बळावर चालवायची असेल, तर लोकांना दर वर्षी उपोषणाला बसावं लागेल. शहराच्या सुरक्षिततेचा पाया इतका थकवणारा असू नये.

राखणीची पद्धत आपल्याला बाहेरून शिकावी लागणार नाही. रायगडच्या खारपट्ट्यात शिलोत्री पद्धतीत समुद्राकडचा बाहेरचा बांध सांभाळण्याचं काम शिलोत्रदाराकडे असे आणि त्यासाठी शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपात वाटा जाई. आतल्या बांधाचं काम शेतकऱ्यांचं. उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार कधी लावायचं, उधाणाच्या रात्री कुणी जागायचं, बांधाला खांड गेली तर घरागणिक किती माणसं यायची, हे ठरलेलं असे. गोव्यात खाजन, म्हणजे खारजमिनींचे, बांध गावकऱ्या नावाच्या गावसंस्था सांभाळत. तिथलं पाणी ज्या दारातून आतबाहेर होतं त्याला मानस म्हणतात. हे सुवर्णयुग होतं असं मुळीच नाही. या व्यवस्थांत जमीनदारी होती, वेठ होती आणि कष्टकऱ्याच्या वाट्याला अन्याय होता. त्या मोडल्या ते योग्यच झालं. पण मोडताना अन्यायाबरोबर राखणीही गेली. १९७९च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने बांधांची जबाबदारी मुख्यतः शासनाकडे आणली. गोव्यात १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती कूळसंघांकडे आणि सरकारकडे विभागली गेली. जबाबदारी कागदावर हलली, पण बांधावरून रोज फिरणारा माणूस त्या कागदाबरोबर आला नाही. हक्क शेतकऱ्याला आणि राखण कुणालाच नाही, अशी पोकळी उरली.

ही पोकळी पैशाने आणि कायद्याने भरता येते, याचं एक जुनं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. तिथली जलमंडळं तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. ती निवडून येतात, स्वतःचा कर घेतात आणि तो कर पाण्याखेरीज कशावर खर्च होत नाही. तरीही ३१ जानेवारी–१ फेब्रुवारी १९५३च्या रात्री बांध फुटून १,८३६ माणसं दगावली. बांध कमकुवत असल्याचे इशारे अभियंत्यांनी आधीच दिले होते आणि युद्धानंतरच्या उभारणीच्या धांदलीत ते मागे पडले होते. त्या रात्रीनंतर त्या देशाने मोठी बांधकामं केली, हे सर्वांना माहीत असतं. त्याहून मोलाची गोष्ट नंतरची आहे. १९९०पासून त्यांनी ठरवलं की किनारा त्या वर्षीच्या रेषेवर राखायचा आणि त्यासाठी लागेल तेवढी वाळू दर वर्षी आणून घालायची. मुख्य बांधांची कायद्याने ठरलेल्या मुदतीत पुन्हा पुन्हा तपासणी होते. थोडक्यात, राखणीचा खर्च त्यांनी वेतनासारखा मानला. तो चुकवण्याची मुभाच ठेवली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दर वर्षी दगड टाकण्यापेक्षा एकदाच कायमचं काम का करू नये? मिऱ्याचे रहिवासी हे विचारतात तेव्हा त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, कारण तुटपुंज्या दुरुस्त्यांनी त्यांची फसवणूकच झाली आहे. पण वाळूच्या किनाऱ्यावर कायमचं असं काही नसतं. टेट्रापॉडही खचतो, काँक्रीटलाही खारा वारा खातो. मोठं काम आणि राखण हे दोन पर्याय नाहीत. मोठं काम जितकं महाग, तितकी त्याची राखण अधिक गरजेची. दीडशे कोटींच्या बांधकामावर दर वर्षी त्याच्या एक-दोन टक्के ठेवले, तर दीड ते तीन कोटी होतात. अख्खं बांधकाम पुन्हा करण्यापुढे ही रक्कम लहान आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भिंतच धूप वाढवते, मग तिची राखण कशासाठी? किनाऱ्याचा अभ्यास करणारे हे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पावसाळ्यात वाळू आत समुद्रात जाते, उघडिपीत परत येते. भिंत या येण्याजाण्यात अडथळा आणते आणि तिच्या टोकाशी शेजारच्या किनाऱ्यावर धूप वाढू शकते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या बदलांचा जो अभ्यास केला, त्यात देशाचा सुमारे एक तृतीयांश आणि महाराष्ट्राचा सुमारे एक चतुर्थांश किनारा धुपत असल्याचं दिसलं. एवढ्या सगळ्या किनाऱ्याला भिंत घालणं शक्य नाही आणि इष्टही नाही. म्हणूनच जिथे घरं, रस्ता, विहिरी आणि बंदर आहे तिथे भिंत राखायची. जिथे मोकळी पुळण आहे तिथे वाळू, सुरू-केतकीची झाडं आणि मागे सरकण्याची जागा राखायची. मिऱ्यासारख्या वस्तीच्या किनाऱ्याला आता भिंतीवाचून सोडणं म्हणजे तिच्यामागच्या माणसांना सोडणं. भिंत घातली हीच चूक असेल, तर त्या चुकीचा भार मच्छीमारांच्या घरांवर टाकता येणार नाही. उलट, राखणीत वाळूचं मोजमाप धरलं, तर भिंत शेजारच्या गावाचं किती नुकसान करते हेही वेळीच कळेल.

तिसरा प्रश्न पैशाचा. नगर परिषदेची आणि ग्रामपंचायतींची ऐपत नाही, हे खरं आहे, आणि समुद्राकाठच्या गरीब कुटुंबाकडून बांधाचा कर घेणं अन्याय्य ठरेल. पण या बांधामुळे केवळ तीच कुटुंबं सुरक्षित होत नाहीत. शहर, बंदर, महामार्ग, पर्यटन या सगळ्यांना त्याचा लाभ आहे. वाटा त्यांनीही उचलायला हवा. केंद्राची वाटही पूर्वीपेक्षा मोकळी आहे. आपत्ती मदत निधीच्या केंद्रीय यादीत चक्रीवादळ, पूर, दरड आहे, पण किनाऱ्याची हळूहळू होणारी धूप नाही. एका रात्रीत घर पडलं तर मदत, दहा वर्षांत पडलं तर काही नाही, असा त्याचा अर्थ होत आला. पंधराव्या वित्त आयोगाने मात्र राज्यांच्या आपत्ती निधीतला पाचवा हिस्सा आपत्ती सौम्य करण्यासाठी वेगळा ठेवायला सांगितला आणि राष्ट्रीय पातळीवर नदी व किनाऱ्याच्या धुपेला आळा घालण्यासाठी १,५०० कोटी रुपये सुचवले. मदतीच्या आधी बचाव, हे तत्त्व देशाच्या पातळीवर मान्य झालं आहे. जिल्ह्याने ते आपल्या अंदाजपत्रकात आणायचं बाकी आहे.

शेवटचा आक्षेप लोक चारचौघांत हळू आवाजात घेतात. समुद्रात टाकलेला दगड कोण मोजणार? दर वर्षीचं काम म्हणजे दर वर्षीचं बिल. ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर पैसा थांबवणं हे नाही. तो मोजता येईल अशा रीतीने देणं हे आहे. बंधाऱ्यावर पन्नास-पन्नास मीटरवर क्रमांकाचे दगड रोवावेत. नारळी पौर्णिमेनंतर आणि मृगाआधी, असं वर्षातून दोनदा प्रत्येक टप्प्याचं माप आणि छायाचित्र घेऊन ते नगर परिषद व ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावं. तातडीचं काम याच्या नेमकं उलट असतं: घाईत मंजूर, घाईत पूर्ण, मोजायला वेळ नाही. घोटाळ्याला जागा मिळते ती तिथे. ठरलेलं, लहान, दर वर्षी तेच आणि सर्वांना दिसणारं काम चोरायला सर्वांत अवघड.

कोकणात गावाच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, राखण देण्याची रीत आहे. पीक बुडालं तर द्यायची आणि पिकलं तर विसरायची, असं त्यात नसतं. ती वर्षाची असते आणि ती चुकू नये याची काळजी सगळं गाव घेतं. बांधाच्या बाबतीत आपण ही साधी समज सोडून दिली आहे. दिवाळीचे दिवस नेमके तेच असतात, जेव्हा समुद्र निवलेला असतो, पाऊस थांबलेला असतो, उधाणाने कुठली शिळा हलवली ते उघड्या डोळ्यांनी दिसतं आणि काम करायला मे महिन्यापर्यंत अवधी असतो. मिऱ्याच्या बंधाऱ्यासाठी, वाशिष्ठीच्या पात्रासाठी, जिल्ह्यातल्या प्रत्येक मातीच्या धरणासाठी पैसे या दिवसांत हातात हवेत. मार्चमध्ये मिळणाऱ्या मंजुरीची वाट न पाहता, उधाणाने हलवलेली ती एक शिळा तेव्हाच जागेवर बसवली, तर पुढच्या आषाढात तिच्यामागच्या घरातली विहीर गोडी राहील.